समुपदेशकाची पत

१९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील वृत्तपत्रांनी अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या गावाविषयी जे छापले, ते वाचून देशभरच्या वाचकांनी क्षणभर हळहळ व्यक्त केली असेल आणि पान उलटले असेल. बॅरोला मात्र तो आघात वर्षानुवर्षे विसरता आला नाही. आर्क्टिक महासागराच्या काठी वसलेल्या या गावात त्या वेळी जेमतेम बावीसशे माणसे राहत होती आणि त्यांतील बहुसंख्य इन्युपियात, म्हणजे ज्यांना बाहेरचे जग ‘एस्किमो’ म्हणून ओळखते, त्या समाजाची होती. गावात दारूचा प्रश्न बिकट झाला होता, हे गावालाच जाणवले होते. म्हणून तेथील स्थानिक शासनाने पुढाकार घेऊन त्याची पाहणी करण्याचे काम बाहेरच्या तज्ज्ञांना दिले होते. १९७९ मध्ये ८८ प्रौढांना प्रश्न विचारण्यात आले. उत्तरांवरून असे ठरले की, त्यांतील ७२ टक्के लोक मद्यासक्तीच्या कक्षेत मोडतात. हा निष्कर्ष पत्रकारांपुढे मांडला गेला तो हजारो मैल दूरच्या फिलाडेल्फिया शहरात. तो केव्हा, कोठे आणि कोणत्या शब्दांत प्रसिद्ध व्हावा, याचा निर्णय बॅरोच्या हाती नव्हता. तेलाचा पैसा अचानक हाती आल्यामुळे एक संपूर्ण समाज दारूत बुडून नाहीसा होत आहे, असे चित्र दुसऱ्या दिवशी देशापुढे उभे राहिले.

ज्या कसोटीने हे टक्के काढले, ती मिशिगन राज्यात तयार झालेली होती. दारूच्या नशेपायी पोलिसांनी कधी पकडले होते काय, अशा धर्तीचे प्रश्न तीत असतात. आता बॅरोत नशेतील माणूस गोठवणाऱ्या थंडीत वाटेवर पडून मरू नये, म्हणून पोलीस त्याला उचलून आणून रात्रभर ठाण्यात ठेवीत असत. मिशिगनमध्ये जी अटक, ती बॅरोत एक प्रकारची काळजी. दोन्हींना एकच गुण द्यावयाचे काय, हा प्रश्न कोणीतरी आधी विचारावयास हवा होता. दारूचा प्रश्न खोटा होता, असा याचा अर्थ नव्हे. तो खराच होता आणि म्हणूनच गावाने मदत मागितली होती. परंतु मदत मागणाऱ्याच्या पदरी देशभराची बदनामी पडली. स्थानिक शासनाच्या कर्जरोख्यांच्या पतीलाही त्याचा धक्का बसला, असे पुढे नोंदवले गेले आहे. पाहणीतील एक प्रमुख संशोधक एडवर्ड फाउल्क्स यांनी १९८९ मध्ये त्या प्रकरणाचा फेरआढावा घेणारा लेख लिहिला आणि पाहणीत गुंतलेल्या निरनिराळ्या पक्षांची सांगड कशी चुकीची बसत गेली, याची चर्चा केली. आदिवासी समाजांत संशोधन कसे करू नये, हे शिकवण्यासाठी अमेरिकेतील अभ्यासक आजही या पाहणीचा दाखला देतात.

कर्जरोख्यांची पत घसरण्याची गोष्ट येथे केवळ तपशील म्हणून सांगितलेली नाही. भिन्न संस्कृतीतील माणसांना मानसिक आधार देण्याविषयी जे विपुल लेखन होते, त्यात ‘विश्वास संपादन करणे’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. जणू विश्वास म्हणजे समुपदेशकाच्या आवाजातील मार्दव, चेहऱ्यावरील स्मित आणि काही शिकून घेतलेल्या युक्त्या यांतून निर्माण होणारी एखादी भावना आहे! व्यवहारात विश्वासाला जो शब्द आहे, तो अधिक नेमका आहे. तो शब्द म्हणजे पत. समुपदेशनाच्या खोलीत घेणारा कोण आणि देणारा कोण, हे नीट पाहिले तर असे दिसते की, प्रथम देतो तो समोर बसलेला दुःखी माणूस. तो आपले गुपित देतो, घरातील भांडण देतो, आपल्या मृत माणसांची नावे देतो. समुपदेशकाकडून त्याला जे मिळावयाचे, ते पुढे केव्हातरी आणि तेही अनिश्चित. म्हणजे या व्यवहारात ऋणको समुपदेशक आहे. ऋणकोने धनकोला ‘तू माझ्यावर विश्वास का ठेवीत नाहीस?’ असे विचारण्यापूर्वी आपल्या पेढीने पूर्वीची किती कर्जे बुडविली आहेत, याचा हिशेब पाहावा, हे बरे.

हा हिशेब समजण्यासाठी या समाजाची थोडी ओळख हवी. शालेय पुस्तकांतील चित्रांमुळे एस्किमो म्हटले की बर्फाचे घुमटाकार घर डोळ्यांपुढे येते. इन्युपियात समाजाचे पूर्वीचे नित्याचे घर तसे नव्हते. ते वाहून आलेले लाकूड, देवमाशाची हाडे आणि गवताळ मातीची ढेकळे यांचे असे. ‘इन्युपियात’ म्हणजे खरी माणसे. अलास्काच्या उत्तर आणि वायव्य किनाऱ्यावर, तसेच आतल्या काही खोऱ्यांत त्यांची गावे आहेत. देवमासा, सील, कॅरिबू नावाचे सांबरासारखे प्राणी आणि मासे यांवर त्यांचे जीवन शतकानुशतके चालत आले. ‘नॉर्थ स्लोप बरो’ ही त्यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये स्थापन झालेली स्थानिक शासनसंस्था भूक्षेत्राने महाराष्ट्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश आहे आणि तिची लोकसंख्या, तेलक्षेत्रावरील कामगार धरूनही, अकरा हजारांच्या आसपास आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात गावे आठ. एका गावातून दुसऱ्या गावी जावयाचे तर बहुधा लहान विमानाने. बॅरोत नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य जानेवारीच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उगवतो. तेथील दुःखाचे खापर पुष्कळदा या काळोखावरच फोडले जाते. परंतु हा काळोख तेथे हजारो वर्षे आहे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे घडले, ते पूर्वी घडत नव्हते.

बुडविलेल्या कर्जांचा जमाखर्च बराच मोठा आहे; त्यातील काही नोंदी पाहणे पुरे. १९१८ च्या नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झाची साथ ब्रेव्हिग मिशन या गावात पोहोचली. गावात ८० प्रौढ होते, पाच दिवसांत त्यांतील ७२ दगावले. रोग बाहेरून आला होता. पुढच्या दशकांत क्षयाने जे रोगी झाले, त्यांना उपचारासाठी दूरच्या रुग्णालयांत नेण्यात आले आणि त्यांतील काही परतलेच नाहीत. मुलांची गोष्ट निराळी नाही. गावात माध्यमिक शाळा नसल्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शेकडो, कधी हजारो मैल दूरच्या निवासी शाळांत पाठवावे लागे. मातृभाषेत बोलल्याबद्दल तेथे शिक्षा होत असे, याच्या साक्षी असंख्य वृद्धांनी दिल्या आहेत. १९७६ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीने गावोगाव माध्यमिक शाळा उघडण्याचे राज्याने मान्य केले, तेव्हा कोठे हा ओघ थांबू लागला. तोवर दोन पिढ्या आईबापांच्या सहवासावाचून वाढल्या होत्या. आपण मूल कसे वाढवितो, हे ज्यांनी घरी पाहिलेच नाही, त्यांच्यावरच पुढे मुले वाढविण्याची वेळ आली. मानसोपचाराच्या नोंदवहीत ‘कौटुंबिक बिघाड’ म्हणून जे लिहिले जाते, त्याचा उगम पुष्कळदा अशा सरकारी धोरणात सापडतो.

याहून विलक्षण अशा दोन नोंदी आहेत. १९५८ मध्ये अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने पॉइंट होप गावापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, केप थॉम्पसन येथे, अणुस्फोटांनी एक बंदर खोदण्याची योजना आखली. हायड्रोजन बाँबचे जनक म्हणून ओळखले जाणारे एडवर्ड टेलर तिचे हिरिरीने समर्थन करीत होते. पॉइंट होपचे लोक त्या किनाऱ्यावर शिकार करीत, अंडी गोळा करीत. त्यांना विचारण्याचे कारण कोणास दिसले नाही. १९५९ मध्ये गावाने एकमुखाने विरोध नोंदविला. १९६० च्या मार्चमध्ये आयोगाचे अधिकारी अखेर गावात आले आणि हिरोशिमातून वाचलेल्यांना पुढे काही त्रास उरला नाही, अशा थाटाची आश्वासने देऊन गेले. ती सभा ध्वनिफितीवर नोंदली गेली, म्हणून आज तिचा पुरावा आहे. १९६२ मध्ये योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी नेवाडातील अणुचाचणीच्या जागेवरून आणलेली किरणोत्सर्गी माती त्या परिसरात प्रयोगासाठी वापरून तेथेच पुरून टाकण्यात आली. गावाला हे कळले ते १९९२ मध्ये, तीस वर्षांनी.

दुसरी नोंद तर थेट वैद्यकाच्या खात्यातील आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन हवाईदलाच्या आर्क्टिक वैद्यकीय प्रयोगशाळेने किरणोत्सर्गी आयोडिनच्या मात्रा १२१ व्यक्तींना दिल्या. थंडी सहन करण्यात कंठस्थ ग्रंथीचा वाटा किती, हे सैन्याला जाणून घ्यावयाचे होते. या १२१ पैकी १०२ जण अलास्काचे मूळ रहिवासी होते; पॉइंट होप, वेनराइट, अनाक्टुवुक पास यांसारख्या गावांतील. डॉक्टर आले आहेत, औषध देत आहेत, अशी त्यांतील अनेकांची समजूत होती. किरणोत्सर्ग या कल्पनेसाठी त्यांच्या भाषेत शब्दही नव्हता. १९९६ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या प्रकाराची चौकशी केली. शारीरिक अपाय झाल्याची शक्यता तिला फारच अल्प वाटली, पण त्या लोकांवर अन्याय झाला, असे तिने स्पष्ट म्हटले. ज्या आजीने तरुणपणी ती गोळी गिळली, तिच्या नातवाला आज कोणी पांढऱ्या खोलीत बसवून ‘येथे जे बोलाल ते गुप्त राहील, येथे सही करा’ म्हणत असेल, तर नातवाच्या मनात काय येत असेल?

अशा पार्श्वभूमीवर समुपदेशक येतो. तो बहुधा तरुण असतो, सुशिक्षित असतो आणि त्याचा हेतूही चांगला असतो. त्याला पन्नास मिनिटांची बैठक शिकवलेली असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, मोकळे प्रश्न विचारावेत, भावना शब्दांत मांडण्यास उत्तेजन द्यावे, हे त्याने घोटलेले असते. तो प्रश्न विचारतो आणि समोरचा मुलगा गप्प बसतो. समुपदेशक कागदावर लिहितो, ‘प्रतिसाद नाही’. वास्तविक प्रतिसाद मिळून गेलेला असतो. वायव्य अलास्कातील इन्युपियात माणूस भुवया किंचित उंचावतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘होय’. नाक जरा आक्रसतो, तेव्हा ‘नाही’. भारतीयांची मान हलविण्याची रीत पाहून गोंधळलेला परदेशी प्रवासी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या फसगतीची कल्पना येईल. परंतु येथे फसगत केवळ गमतीची राहत नाही. त्या कागदावरील शेऱ्यावरून मुलाच्या मनःस्थितीचे निदान ठरते.

मौनाचेही तसेच आहे. जेथे वडीलधारी माणसे बोलण्यापूर्वी थांबतात, आणि बोलून झाल्यावर समोरच्यालाही थांबण्यास अवधी देतात, तेथे दोन वाक्यांमधील शांतता पोकळ नसते. शहरी समुपदेशकाला ती सोसवत नाही. तो दुसरा प्रश्न टाकतो, मग तिसरा. प्रश्नांचा हा भडिमार उलटतपासणीसारखा वाटू लागतो. इन्युपियात समाजाने आपली म्हणून जी मूल्ये लिहून काढली आहेत, त्यांत वाटून घेणे, वडीलधाऱ्यांचा आदर, नम्रता, विनोद, आपल्या कुळाची माहिती असणे यांच्याबरोबरच संघर्ष टाळणे हेही एक मूल्य आहे. ‘तुला वडिलांचा राग येतो का?’ हा प्रश्न एका शास्त्राप्रमाणे उपचाराचा आरंभ असेल, दुसऱ्या रीतीप्रमाणे तो मुलाला असभ्य वागण्यास लावणे असेल. शिवाय अनेक वृद्धांची अशी धारणा असते की, वाईट गोष्टीचा उच्चार वारंवार करू नये, शब्दाने ती जवळ येते. बोलून टाकले म्हणजे मन हलके होते, ही समजूत सार्वत्रिक आहे असे मानसशास्त्राने गृहीत धरले, पण गृहीत धरणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे.

नावांचीच गोष्ट घ्या. या समाजात मृत व्यक्तीचे नाव नवजात बालकाला दिले जाते आणि त्या नावाबरोबर मृताची नातीही त्या बालकाकडे येतात. सत्तर वर्षांची स्त्री एखाद्या पोराला ‘आई’ म्हणून हाक मारते आणि त्याच्या ताटात आपल्या आईला आवडणारा घास वाढते. हा तिच्या दृष्टीने शोकावरचा उपाय आहे. गेलेले माणूस अगदी गेलेले नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो वृद्धेच्या स्मृतिभ्रंशाची शंका घेईल. ज्याला ठाऊक आहे, तो समोरच्या तरुणाला प्रथम एवढेच विचारील की, तुझे नाव कोणाचे? त्या एका प्रश्नाला मिळणारे उत्तर दहा पानी प्रश्नावलीतून मिळणार नाही.

हे सगळे शिकता येते, आणि अमेरिकेतील प्रशिक्षणक्रमांत आता ते थोडेफार शिकविलेही जाते. पण येथेच एक घोटाळा संभवतो. भुवयांची भाषा शिकली, मौन पाळले, देवमाशाच्या मेजवानीला हजेरी लावली, की विश्वास मिळाला, असे समुपदेशकाला वाटू लागते. कर्ज मागण्याची रीत सुधारली म्हणून ऋणकोची परतफेडीची ताकद वाढत नसते. परतफेड म्हणजे काय, हे पाहावयाचे तर वायव्य अलास्कातील तरुणांच्या आत्महत्यांच्या प्रश्नाकडे वळावे लागते.

१९६० च्या दशकापर्यंत तरुणांची आत्महत्या तेथे क्वचितच घडे. त्यानंतर हे प्रमाण वाढत जाऊन देशाच्या सरासरीच्या कित्येक पट झाले. लिसा वेक्सलर या संशोधिकेने त्या भागातील गावांबरोबर दीर्घ काळ काम केले आहे. त्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे येते, ती अशी की, जुन्या पिढीने परक्या सत्तेचा दाब डोळ्यांनी पाहिला, त्यामुळे आपल्या हालअपेष्टांचे कारण तिला बाहेर दिसते. तरुणाला तो इतिहास कोणी सांगितलेला नसतो. त्यामुळे दोष आपलाच, आपल्या घराचाच, असे त्याला वाटते. त्यात १९७१ च्या जमीन-तडजोडीच्या कायद्याने एक चमत्कारिक भर घातली होती. त्या कायद्याने मूळ रहिवाशांना सुमारे चार कोटी चाळीस लाख एकर जमीन आणि शहाण्णव कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली, पण ती कंपन्यांच्या रूपाने. त्या वर्षाच्या १८ डिसेंबरपर्यंत जन्मलेला प्रत्येक जण भागधारक झाला. त्यानंतर जन्मलेल्यांना आपोआप काहीच मिळाले नाही. एकाच घरातील थोरला भाऊ कायद्याने त्या भूमीचा वाटेकरी आणि धाकटा नव्हे! उत्तरेकडील दोन्ही प्रमुख इन्युपियात कंपन्यांनी पुढे भागधारकांच्या मताने धाकट्यांनाही भाग दिले, परंतु मधल्या वर्षांत वाढलेल्यांच्या मनावर त्याचा ठसा उमटला नसेल, असे कसे म्हणावे?

आता या तरुणाने समजा, आपल्या मनातील अंधार शाळेतील समुपदेशकाला सांगितला. नियमपुस्तकाप्रमाणे पुढची पावले ठरलेली आहेत. धोका गंभीर वाटला तर त्याला विमानात बसवून आठशे-हजार किलोमीटरवरच्या अँकरेजमधील रुग्णालयात पाठवावयाचे. तेथे त्याला ओळखणारे कोणी नाही. काही दिवसांनी तो परत येतो, ते गावभर चर्चा झाल्यावर. त्याच्या मित्रांनी हे पाहिलेले असते. खरे बोलण्याची किंमत घरापासून ताटातूट ही असेल, तर शहाणी मुले खरे बोलणार नाहीत. यात संस्कृतीचे गूढ काहीच नाही, कोणताही माणूस हेच करील. आणि ज्या समाजाच्या आठवणीत क्षयरोग्यांना नेणारी आणि शाळकरी मुलांना नेणारी विमाने आहेत, त्याला या तिसऱ्या विमानाविषयी काय वाटते, ते निराळे सांगावयास नको. वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच बाहेरून आणलेल्या ठरीव प्रशिक्षणाऐवजी गावातील माणसांची मंडळे भरविण्याचा मार्ग धरला. संशोधनाने जे कळले आहे ते तेथे थोडक्यात मांडावयाचे आणि मग आपल्या गावात काय करावयाचे, हे गावकऱ्यांनीच आपसात बोलून ठरवावयाचे. या मार्गात तज्ज्ञाला आपले शहाणपण दाखविण्यास फारसा वाव राहत नाही. तो अनेकांना रुचणार नाही.

तज्ज्ञाने स्थानिकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर काय होते, याचा एक धडा समुपदेशनाबाहेरच्या क्षेत्रात मिळालेला आहे. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने ‘बोहेड’ जातीच्या देवमाशाच्या शिकारीवर बंदी घातली. शास्त्रज्ञांच्या मोजणीप्रमाणे हे देवमासे एक-दोन हजारांच्या आतबाहेर उरले होते. इन्युपियात शिकारी म्हणत होते की, मोजणी चुकली आहे. बर्फाच्या कडेवर बसून दिसतात तेवढेच देवमासे तुम्ही मोजता, पण ते बर्फाखालूनही जातात आणि किनाऱ्यापासून दूरवरूनही जातात. शिकाऱ्यांनी आपला आयोग स्थापन केला, नॉर्थ स्लोप बरोने संशोधनाला पैसा दिला, पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे लावली गेली. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या मोजणीत ही संख्या दहा हजारांवर गेली. शिकारीची मर्यादा आजही आहे, पण तिचा कारभार शिकारी आणि शासन मिळून पाहतात. बर्फाखालचा देवमासा ज्यांना दिसत होता, त्यांना आपल्या पोरांच्या मनातील दुःख दिसत नसेल, असे मानण्यास काय आधार आहे?

त्यांनी आपल्या परीने हालचालही केली आहे. कोट्झब्यू परिसरात १९८० च्या दशकाच्या आरंभी भाषा, वडीलधारे, शिकार आणि वाटून खाणे यांना पुन्हा मध्यभागी आणणारी ‘इन्युपियात इलित्कुसियात’ ही चळवळ उभी राहिली. जमीनहक्काच्या लढ्यातील एक अग्रणी विली हेन्सली तिच्या प्रवर्तकांत होते. ज्या बॅरोची १९८० मध्ये बेअब्रू झाली, त्याच बॅरोने १९९४ मध्ये मतदान करून गावात दारूबंदी आणली, वर्षभराने मतदानानेच ती उठविली आणि १९९६ मध्ये पुन्हा आणली. दारूमुळे दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या प्रत्येक वेळी कशी उतरली आणि चढली, याचा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंदी आली की संख्या झपाट्याने घटे, उठली की पूर्ववत होई. प्रश्न तोच, गाव तेच, आकडेही लाज वाटावी असेच. पण या वेळी निर्णय गावाचा होता आणि आकडे त्या निर्णयाच्या उपयोगी पडले. पुढेही हे नियम बदलत राहिले. गावाचे नावही आता बॅरो राहिलेले नाही. २०१६ मधील मतदानात सहा मतांच्या फरकाने गावाने ‘उत्किआग्विक’ हे आपले जुने नाव परत घेतले. सहा मतांचा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘इन्युपियातांना काय हवे आहे’ असे एकवचनी विधान करणाऱ्या समुपदेशकाने तरी तो विसरू नये.

उरतो तो रोजच्या कामाचा प्रश्न, आणि तो बराचसा पैशाचा आहे. बाहेरून येणारा समुपदेशक वर्ष-दोन वर्षांच्या कराराने येतो, पहिला हिवाळा कसाबसा काढतो आणि जातो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि दुःखी माणसाने आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी, अशी अपेक्षा करतो. तिसऱ्यांदा कोण सांगणार? क्षयाच्या दिवसांत यावर एक तोड निघाली होती. रोग्यांना वेळेवर औषध देण्याचे काम गावातल्याच एखाद्या व्यक्तीला शिकवून सोपविण्यात आले. त्यातून १९६८ पासून ग्राम-आरोग्य-साहाय्यकांची रीतसर योजना झाली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिला मानसिक आरोग्याच्या साहाय्यकांची जोड मिळाली. १९७५ च्या कायद्यामुळे आरोग्यसेवा चालविण्याचा अधिकार मूळ रहिवाशांच्या संस्थांकडे येऊ लागला होताच. कोट्झब्यू भागात मानीलाक ही त्यांची स्वतःची संस्था हे काम पाहते. साहाय्यकाला पदवी नसते, पण त्याला भुवयांची भाषा शिकावी लागत नाही, आणि तो पुढच्या वर्षी निघून जाणार नाही, हे सर्वांना माहीत असते.

मात्र यालाही मर्यादा आहेत, आणि स्थानिकाचे कौतुक करताना त्या झाकण्यात अर्थ नाही. पाच-सहाशे वस्तीच्या गावात साहाय्यक हा निम्म्या गावाचा नातलग असतो. ज्या नवऱ्याविरुद्ध तक्रार सांगावयाची, तो साहाय्यकाचा चुलतभाऊ निघतो. अशा वेळी काहींना परकाच बरा वाटतो, कारण त्याला कोणाचे काही माहीत नसते. अँकरेजहून दूरचित्रसंवादाने मिळणारा सल्ला याच कारणाने काहींना सोयीचा वाटतो. शिवाय गावात मृत्यू घडतो, तेव्हा तो साहाय्यकाच्याही घरचा असतो. आपले सुतक बाजूला ठेवून त्याने दुसऱ्यांच्या दारी जावयाचे. रात्री-अपरात्री फोन त्यालाच येतो. त्याचे दुःख ऐकण्यासाठी कोणाची नेमणूक झालेली नसते, आणि दमून त्याने काम सोडले की नवा माणूस तयार करण्यास वर्षे लागतात. त्याला साहाय्यक जोडीदार द्यावा, सुट्टी द्यावी, वेतन वाढवावे, हे सगळ्यांना मान्य आहे. नॉर्थ स्लोप बरोपुरते बोलावयाचे तर तेथील स्थानिक महसुलाचा मोठा भाग तेल-उद्योगाच्या मालमत्तेवरील करातून येतो. अलास्का ओलांडून जाणाऱ्या नळमार्गातून १९८८ मध्ये दररोज वीस लाख पिंपे तेल वाहत होते. २०२० नंतरच्या वर्षांत ते पाच लाखांच्या आसपास आले. कर बसतो तो मालमत्तेच्या मूल्यावर, त्यामुळे उत्पन्न लगेच त्या प्रमाणात घटत नाही. परंतु पुढच्या वीस वर्षांच्या अंदाजपत्रकांत साहाय्यकाच्या त्या दुसऱ्या जागेसाठी तरतूद कोठून करावयाची, हे तेथील लोकप्रतिनिधींना आतापासूनच ठरवावे लागणार आहे.